दिवा लागला नाही, म्हणून लेन बदलली



पोस्ट लांब आहे आणि जरा चिडून लिहिली आहे. ज्यांची मुलं पंधरा-सोळाची आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

परवा इथे श्रूजबरीत एका घरी सत्यनारायणाला जमलो होतो. प्रसाद झाला, जेवणं झाली आणि नेहमीप्रमाणे विषय मुलांच्या लायसन्सवर आला. एका मैत्रिणीची मुलगी नुकतीच सोळाची झाली, परमिट मिळालंय, आता गाडी कुठली घ्यायची? पाच मिनिटांत सगळ्यांचं एकमत झालं. ब्लाइंड स्पॉट वॉर्निंग असलेलीच घ्या. आरशात दिवा लागतो, पोरांना कळतं बाजूला गाडी आहे, मग टेन्शन नाही. मी गप्प बसले, कारण सत्यनारायणाच्या घरी भांडू नये. इथे भांडते.

माझं भांडण त्या दिव्याशी नाही. "मग टेन्शन नाही" या वाक्याशी आहे.

आधी काय झालं ते सांगते. जूनमधला रविवार. माझा मुलगा परमिटवर गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे धाकटी. वूस्टरहून २९० ने घरी येत होतो. ज्यांनी तो रस्ता बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, वूस्टर शहरातून जाणारा २९० म्हणजे आखूड रॅम्प, मध्येच घुसणाऱ्या गाड्या आणि सगळ्यांनाच घाई. क्विन्सिगामंड तळ्यावरचा पूल येण्याआधी त्याला उजव्या लेनमध्ये यायचं होतं. त्याने सिग्नल दिला. मधल्या आरशात बघितलं. उजव्या आरशाकडे बघितलं. तिथला नारिंगी दिवा लागलेला नव्हता. त्याने स्टीअरिंग वळवलं.

माझ्या खिडकीशी, काच खाली असती तर हात लागला असता इतक्या जवळ, एक हेल्मेट होतं.

मी काय ओरडले ते आठवत नाही. मुलाने गाडी झटक्यात परत आपल्या लेनमध्ये घेतली. मोटरसायकलवाल्याने ब्रेक मारला, जरा डगमगला, सावरला आणि पुढे निघून गेला. शिव्या नाहीत, हॉर्न नाही. जाताना फक्त एकदा मान वळवून आमच्याकडे बघितलं. दिवा एक सेकंद उशिरा लागला की लागलाच नाही, हे मी सांगू शकत नाही, कारण तेव्हा मी आरसा बघत नव्हते.

पुढच्या एक्झिटला उतरून एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. धाकटी रडत होती. मुलगा म्हणाला, "अगं आई, पण लाईट नव्हता!" एकदा नाही, तीनदा. आवाजात अपराधी भाव नव्हता, तक्रार होती. आपण सगळं नियमाने केलं आणि आपल्याकडच्या कुणीतरी हलगर्जी केली, अशी तक्रार. घरी येऊन मी खूप बोलले त्याला. रात्री झोप लागेना तेव्हा लक्षात आलं की चुकीच्या माणसाला बोलले.

त्याला हे शिकवलं कुणी? पहिल्या दिवशी गाडीतली बटणं दाखवताना त्याच्या बाबाने कौतुकाने सांगितलं होतं, "हा दिवा लागला असेल तर जायचं नाही." खरंच आहे ते. पण सोळा वर्षांच्या मुलाने त्यातून उलटं वाक्य आपोआप बनवलं: दिवा नसेल तर जायचं. मीही "ब्लाइंड स्पॉट बघितलास का?" असं विचारायचे, तो "हो" म्हणायचा आणि मी मान्य करायचे. काय बघितलंस, कुठे बघितलंस, हे एकदाही विचारलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी मी माझाच हिशेब काढला. ऑफिसला वेस्टबरोला जाते, रूट ९ ने. जाताना-येताना मिळून अकरा वेळा लेन बदलली. मान किती वेळा वळवली? तीन. उरलेल्या आठ वेळा मी आरशातला दिवा बघितला आणि गेले. वीस वर्षं इथे गाडी चालवतेय. ही गाडी घेऊन चारच वर्षं झाली. चार वर्षांत माझी सोळा वर्षांची सवय गेली आणि मला कळलंही नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कंटाळू नका.

पुण्यात आर्टिकलशिप करताना आम्हाला येणेकऱ्यांना बाकी पडताळणीची पत्रं पाठवायला लावायचे. पत्राचे दोन प्रकार असतात. एक, "तुमच्याकडून अमुक रक्कम येणे दिसते, बरोबर की चूक ते कळवा." दुसरा, "पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर रक्कम बरोबर आहे असं धरू." पहिल्याला पॉझिटिव्ह कन्फर्मेशन म्हणतात, दुसऱ्याला निगेटिव्ह. दुसरा प्रकार फार सोयीचा. काही करावं लागत नाही, गप्प राहिलेला प्रत्येक जण आपल्या बाजूने मोजला जातो. एका क्लायंटच्या ऑडिटमध्ये मी असंच केलं. चाळीसेक पत्रं, सहा उत्तरं, बाकी सगळं "बरोबर". आमच्या सरांनी फाईल उघडली, एका नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "या दुकानात जाऊन ये." गेले. शटर खाली. शेजारचा पानवाला म्हणाला, दोन वर्षं झाली बंद होऊन. माझ्या कागदावर तो माणूस "बरोबर" म्हणाला होता.

म्हणून ऑडिटिंगच्या स्टँडर्डमध्ये, भारतात ५०५ नंबरचं आहे ते, स्पष्ट म्हटलेलं आहे की निगेटिव्ह कन्फर्मेशन हा कमी दर्जाचा पुरावा. एकट्या त्याच्यावर विसंबायचं असेल तर अटी आहेत: धोका कमी हवा, रकमा छोट्या आणि पुष्कळ हव्यात, चूक निघण्याची शक्यता फार थोडी हवी. आता तुम्हीच सांगा, ताशी ६५ मैलांनी, म्हणजे सेकंदाला साधारण ९५ फूट जाताना, हातात परमिट असलेलं पोर चालवतंय, तिथे यातली कुठली अट पुरी होते?

आरशातला तो दिवा म्हणजे निगेटिव्ह कन्फर्मेशन आहे. लागला तर माहिती आहे. नाही लागला तर "उत्तर आलं नाही", एवढाच त्याचा अर्थ. बाजूला कुणी नसेल. किंवा असेल आणि यंत्राला दिसला नसेल. किंवा यंत्रच झाकलं गेलं असेल. तिन्ही वेळा आरसा दिसायला सारखाच.

आणि झाकलं जाणं इथे काही दुर्मीळ नाही. बऱ्याच गाड्यांत ही व्यवस्था म्हणजे मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या आड बसवलेली दोन छोटी रडार. ती शेजारची एक लेन आणि गाडीच्या मागचा थोडासा भाग बघतात. मॅसॅच्युसेट्सचा हिवाळा आठवा. डिसेंबर ते मार्च त्या बंपरवर काय असतं? बर्फाचा चिखल, मीठ, वर गोठलेलं पाणी. काही गाड्या अशा वेळी "सेन्सर झाकला आहे" असा संदेश देतात, पण त्या संदेशावर किती विसंबायचं हा परत तोच प्रश्न. कुणी मागून ठोकलं आणि बंपर बदलला, रंगवला, तर रडार नीट बसलंय का हे तपासून घ्यावं लागतं. किती जण विचारतात बॉडी शॉपला? बंपरच्या कोपऱ्यावर स्टिकर लावू नका असंही मॅन्युअलमध्ये असतं. आपल्यातल्या दोन-तीन गाड्यांवर नेमका तिथेच बाप्पा बसलेला मी बघितलाय. बाप्पाने विघ्न हरावं, रडार अडवू नये.

मॅन्युअल वाचा. खरंच वाचा. आपण मॉर्टगेजचे कागद वाचत नाही तसं करू नका. आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या फीचरवर चार पानं आहेत, त्यातली जवळजवळ तीन पानं "पुढील परिस्थितीत ओळखू शकणार नाही" याची. मोटरसायकल, सायकल, मागून फार वेगाने येणारी गाडी, पाऊस, वळण, ट्रेलर. आणि आवाज येतो तो फक्त सिग्नल दिलेला असेल तरच. म्हणजे जो पोरगा आळसाने सिग्नल देत नाही, ज्याला टोकायची सगळ्यात जास्त गरज, त्याला ते यंत्र टोकणारच नाही.

आता आकडे, कारण "हिला टेक्नॉलॉजीची भीती वाटते" हे मला ऐकायचं नाही.

दिव्याचा उपयोग होतो. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी म्हणून संस्था आहे. तिने पोलिसांकडे नोंदलेले अपघात तपासले तेव्हा ही व्यवस्था असलेल्या गाड्यांचे लेन बदलतानाचे अपघात १४ टक्के कमी निघाले, आणि कुणाला इजा झाली असे अपघात २३ टक्के कमी. हे चांगले आकडे आहेत. दोन गाड्यांपैकी एक निवडायची असेल तर दिवा असलेलीच घ्या, मीही घेईन. पण १४ टक्के कमी याचा अर्थ पुढे करा ना. शंभर होणार होते तिथे शहाऐंशी झाले. त्या शहाऐंशींना कुठलं टेन्शन नव्हतं?

दुसरा आकडा. ट्रिपल एच्या फाउंडेशनने आयोवा विद्यापीठाकडून २०१८ मध्ये एक पाहणी करून घेतली. ही व्यवस्था असलेल्या गाड्या चालवणाऱ्या जवळजवळ ८० टक्के लोकांना तिच्या मर्यादा माहीत नव्हत्या, किंवा सायकली, चालणारे, वेगात जाणाऱ्या गाड्या तिला बिनचूक दिसतात असा त्यांचा समज होता. साधारण २५ टक्के लोकांनी सांगितलं की मान न वळवता नुसत्या त्या यंत्रावर विसंबायला त्यांना काही वाटत नाही. ट्रिपल एनेच २०१४ मध्ये केलेल्या चाचणीत मोटरसायकली या यंत्रांना मोटारींपेक्षा सरासरी २६ टक्के उशिरा दिसल्या होत्या. माझ्या खिडकीशी आलेलं ते हेल्मेट याच २६ टक्क्यांतलं असावं.

आपल्या पिढीचा आणखी एक प्रश्न आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपण गाडी शिकलो भारतात, आणि तिथे ब्लाइंड स्पॉट सांभाळायचं काम मागच्याचं असतं. तो हॉर्न वाजवतो. ट्रकच्या मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहिलेलंच असायचं, म्हणजे बाबा रे तू आहेस ते तूच सांग, मी बघणार नाही. महाराष्ट्रात २०१५ मध्ये ते लिहायला बंदी झाली, पण सवय गेली का? आमच्या घरच्या मारुती ८०० ला तर डावा आरसाच नव्हता. बाबांनी शिकवताना सांगितलेलं आठवतं, "पुढे बघ, मागचा वाजवेल." आणि तो वाजवायचा! ते, आमच्या सरांच्या भाषेत, पॉझिटिव्ह कन्फर्मेशन होतं. कर्कश होतं, पण होतं. इथे कुणी वाजवत नाही. तो मोटरसायकलवाला जीव जाता जाता वाचला तरी त्याने वाजवला नाही. आपल्या कानाला ज्याची सवय होती ते इथे येऊन बंद झालं, आणि त्याच्या जागी आपण आरशातला दिवा बसवला. पुन्हा कुणीतरी सांगेल, मग मी थांबेन. मुलांना आपण हेच देतोय.

गंमत म्हणजे त्याच वयात मी स्कूटीवर कर्वे रोडने कॉलेजला जायचे तेव्हा प्रत्येक वळणाला मान वळवायचे. दुचाकीवर सगळेच वळवायचे, कारण आपल्याभोवती पत्रा नव्हता.

नवऱ्याचं म्हणणंही सांगते, कारण ते अगदीच चुकीचं नाही. तो म्हणाला, "मान वळवली की पुढचं दिसत नाही. तेवढ्यात पुढच्याने ब्रेक मारला तर?" बरोबर आहे. अर्धा-पाऊण सेकंद मान वळवली तरी पन्नास-सत्तर फूट गाडी पुढे गेलेली असते. पण याचं उत्तर दिव्यावर विसंबणं नाही. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणं, आणि आरसे नीट लावणं हे आहे. पूर्ण मागे वळून मागची सीट बघायची नाही. हनुवटी खांद्यापर्यंत, नजर बाजूच्या काचेतून, परत समोर. बस.

आरशांबद्दल मात्र मला चाळिशीत नवीन कळलं. आपण सगळे बाजूचे आरसे असे लावतो की त्यात आपल्याच गाडीचा अर्धा दरवाजा दिसतो. छान दिसतो, पण आपली गाडी कुठे पळून जाणार आहे? जॉर्ज प्लाट्झर नावाच्या अभियंत्याने १९९५ मध्येच हे लिहून ठेवलं आहे. डोकं डाव्या खिडकीच्या काचेला टेकवायचं आणि डावा आरसा बाहेर ढकलत न्यायचा, आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेपर्यंत. मग गाडीच्या मध्यावर झुकायचं आणि उजवा आरसा तसाच लावायचा. सरळ बसलं की आपली गाडी दिसतच नाही, दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं. पण मागून येणारी गाडी मधल्या आरशातून जाते न जाते तोच बाजूच्या आरशात येते, आणि तिथून जाते न जाते तोच खिडकीतून डोळ्याला दिसते. झाकलेला भाग खूप कमी होतो. शून्य होत नाही, म्हणून मान. शिवाय अमेरिकेत डावा आरसा सपाट आणि उजवा फुगीर असतो, उजव्यात सगळं लांब वाटतं. आरशावरच लिहिलेलं असतं, आणि कुणी वाचत नाही.

"पण पुढे सगळ्याच गाड्यांत हे येणार, मग मान वळवायला शिकवायचंच कशाला?" हे सत्यनारायणाच्या दिवशी एकाने विचारलं होतं. मागचा कॅमेरा मे २०१८ पासून इथे नव्या गाड्यांना सक्तीचा आहे. ब्लाइंड स्पॉटचा दिवा तसा सक्तीचा नाही. आणि आपली मुलं आपलीच गाडी चालवणार आहेत का? कॉलेजात रूममेटची २००९ ची गाडी, उन्हाळ्यात जिथे काम करतील तिथली व्हॅन, कुठेतरी भाड्याने घेतलेली. तिथे दिवाच नसेल. न लागलेला दिवा आणि नसलेला दिवा यांत सवयीच्या डोळ्याला फरक कळत नाही.

कायद्याचं दोन ओळींत सांगते. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात, प्रकरण ८९ कलम ४ए, लेन सोडण्याआधी ती सुरक्षितपणे सोडता येते याची खात्री ड्रायव्हरने आधी करून घ्यायची आहे. ड्रायव्हरने. बंपरने नव्हे. आणि विम्यात, आपल्या लेनबाहेर असलेल्या गाडीची चूक ५० टक्क्यांहून जास्त असं धरूनच इथे सुरुवात होते. तो सरचार्ज सहा वर्षं पाठ सोडत नाही. "दिवा लागला नव्हता" हा बचाव कुठल्या फॉर्मवर लिहायला जागा नाही, मी फॉर्म वाचलेत. पण खरं सांगू, पैशाचं मी धंद्यापोटी लिहितेय. त्या दिवशी मला सरचार्ज आठवला नाही.

आता जे लिहिणार आहे त्याने काही जण रागावतील. रागवा.

इथे ज्युनियर ऑपरेटर लायसन्सला, म्हणजे साडेसोळाव्या वर्षी, मुलाने आपल्याबरोबर ४० तास गाडी चालवलेली असावी लागते. वेगळा स्किल्स कोर्स केला असेल तर ३०. ड्रायव्हिंग स्कूलचे १२ तास त्याशिवाय. ते ४० तास झाले हे प्रमाणित कोण करतं? आपण. आई किंवा बाबा. आणि आपल्यातल्या किती घरांत ते खरे चाळीस असतात? मला तीन घरं माहीत आहेत जिथे "अरे पंधरावीस झाले असतील, टाक सही" झालं. मुलाला एपीच्या क्लासला, रोबोटिक्सला, तबल्याला वेळेवर नेणारे आपण. एसएटीच्या गुणांत दहाचा फरक पडला तर ट्यूटर बदलणारे आपण. आणि जिथे त्याचा आणि दुसऱ्या कुणाच्या पोराचा जीव आहे तिथे न तपासता सही. मी सीए आहे. न तपासता सही केली तर काय होतं हे आमच्या धंद्याने सत्यमच्या वेळी, जानेवारी २००९ मध्ये, सगळ्या जगासमोर बघितलं. बँकेत पाच हजार कोटींहून जास्त रक्कम कागदावर होती, आणि बँकेला थेट विचारून खात्री करणं ऑडिटरांकडून झालं नव्हतं. त्या सहीवर नाव मोठं होतं. माझ्या सहीवर फक्त माझं नाव असणार आहे, आणि कुणाच्या तरी घरी फोन जाणार आहे.

महागडी, दिव्यावाली गाडी घेतली की तास कमी केले तरी चालतात, हा जो हिशेब आपण मनात मांडतो ना, तो मला सगळ्यात खटकतो. पैसे देऊन वेळ विकत घेतल्यासारखं आहे ते. कुणी असं बोलून दाखवत नाही, मीही बोलले नव्हते.

आमच्याकडे सध्या काय चालू आहे ते सांगते, करून बघा म्हणून नाही, विचारलंत म्हणून. पहिले दोन आठवडे मी ती व्यवस्था सेटिंगमध्ये जाऊन बंदच करून टाकली. नवऱ्याचं आणि माझं त्यावरून वाजलं, आणि तो बरोबर होता: असलेलं कवच हायवेवर काढून ठेवण्यात शहाणपण नाही. मग तडजोड झाली. गावातल्या रस्त्यांवर, मेन स्ट्रीट, लेक स्ट्रीट, रविवारी सकाळचा रूट ९, बंद. २९० आणि पाइकवर चालू. आणि कुठेही असो, लेन बदलताना मोठ्याने बोलायचं: "आरसा, आरसा, मान." मान म्हणताना ती वळलेली मला दिसली पाहिजे. नंतर मी विचारते, "काय दिसलं?" "काही नाही" हे उत्तर चालत नाही. "पांढरी व्हॅन, लांब" चालतं. "रिकामी, पार रॅम्पपर्यंत" चालतं. सुरुवातीला तो वैतागला, "आई, तू ऑडिट करतेस." हो, करते.

परवा मी चालवत होते, तो शेजारी. मी लेन बदलली आणि त्याने विचारलं, "काय दिसलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत ती नोंद त्याने स्वतः केली, लाल पेनाने.

त्याच्या लॉगमध्ये आजपर्यंत २६ तास ४० मिनिटं झाली आहेत, त्यातले हायवेचे सहा. त्याच्या दोन मित्रांच्या रोड टेस्टच्या तारखा लागल्या, याची नाही, म्हणून घरात थोडा अबोला आहे. चालेल.

येत्या शनिवारी सकाळी आठला, हायस्कूलच्या पार्किंगमध्ये मी आणि अजून दोन आया आरसे लावून बघणार आहोत. एक गाडी मध्ये, दुसरी भोवती हळूहळू फिरवायची, आणि आत बसलेल्याने दिवा कधी लागतो, गाडी आरशात कधी दिसते आणि कधी गायब होते ते सांगायचं. कुणाकडे मोटरसायकल असेल तर फार बरं होईल. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा. गाडी आणि मूल दोन्ही घेऊन या, चहा मी आणते.